द्यायची खूण

धर्मा तांडेलाचा जगात कुणावरही विश्वास नव्हता, आणि माडवलीच्या कोळीवाड्यात याचं कुणाला नवलही वाटत नव्हतं. गुरवाने हातावर प्रसाद ठेवला की धर्मा तो आधी नाकाशी नेई, मग तोंडात टाकी. सुताराने होडीला नवी फळी बसवली की हा तिला कान लावून ठोकून बघे. त्याची बायको केसर चारचौघींत सांगायची, "लग्नात अंतरपाट धरला तवा ह्यो खालून माजं पाय बगत व्हता. पोरगी बदलली तर न्हाय ना, म्हणून!" बायका खो खो हसत. धर्मा हसत नसे, कारण त्याने खरंच बघितले होते.

आता हे नुसतं स्वभावाचं औषध नसलेलं दुखणं होतं असं नाही. त्याच्या धंद्यानेच त्याला तसं घडवलं होतं. माडवलीचे कोळी डोलीने मासळी धरत. भर दर्यात, तळच्या चिखलात दोन लांब खुंट रोवायचे आणि त्यांना भल्यामोठ्या पिशवीसारखं जाळं बांधायचं. भरती-ओहोटीच्या ओढीने बोंबील, कोळंबी, जवळा आपण होऊन आत शिरतो. खुंट एकदा रोवला की ती जागा त्या घराची, बापाकडून मुलाकडे जाणारी. पण पावसाळ्यात वरची तरंगती पिंपं काढून आणावी लागत. खुंटांची टोकं पाण्याखाली राहत आणि आश्विनात ती पुन्हा सापडत ती फक्त खुणांवर. होडीत किनाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं. डोंगराची अमुक खिंड आणि अमुक झाड एका रेघेत आलं, आणि दुसऱ्या अंगाला खांदेरीच्या दीपगृहाचा दिवा अमुक खडकाच्या माथ्यावर दिसला, की बरोबर खाली आपला खुंट.

या खुणा कुणी कुणाला सांगत नसे. पण "सांगत न्हाय" म्हटलं की विचारणारा पाळत ठेवतो. म्हणून माडवलीत प्रत्येक घराच्या दोन खुणा असत. एक ठेवायची आणि एक द्यायची. बाप मुलाला दोन्ही पाठ करून घेई. द्यायची खूण खोटी असे, पण ती विचारल्याबरोबर तोंडावर आली पाहिजे आणि सांगताना पापणी हलता कामा नये. याला खोटं बोलणं असं कुणी म्हणत नसे. दारी आलेल्याला पाणी द्यावं तशी ती देऊन टाकायची. धर्माने सख्ख्या जावयालासुद्धा द्यायचीच खूण दिली होती. बिचारा नांगर टाकून, जाळं लावून दोन महिने तिथे बसला आणि चिखल घेऊन घरी आला. धर्माने विचारलं, "काय, गावतंय काय?" जावई म्हणाला, "गावतंय की, बक्कळ!" तेव्हापासून धर्माचा जावयावरचाही विश्वास उडाला.

सन सदतीसच्या सुरुवातीला नव्या असेंब्लीची निवडणूक झाली आणि खाडीपलीकडच्या दादू घरताचा मुलगा अंबाजी निवडून आला. आज ज्याला आमदार म्हणतात त्याला तेव्हा लोक मेंबर म्हणत. अंबाजी होता अठ्ठावीस वर्षांचा. बाप मिठागरात राबून गेला. मुलगा मुंबईत वकिली शिकला आणि अलिबागेच्या कोर्टात नुकता कुठे उभा राहायला लागला होता. प्रचाराला तो कोळीवाड्यात आला तेव्हा एकच गोष्ट बोलला. मुंबईहून खाली श्रीवर्धनकडे जाणाऱ्या आगबोटी कोळ्यांच्या जाळ्यांवरून जातात, त्यांना ठरलेली वाट लावून देईन. गेल्या मोसमात धर्माचं जाळं आगबोटीने दोनदा फाडलं होतं, म्हणून तो मागे उभा राहून ऐकत होता. भाताच्या एका खाचरामुळे त्याला मताचा हक्क होता. ते मत कुणाला दिलं हे त्याने केसरलाही सांगितलं नाही. विचारणाऱ्या तिघांना तीन वेगवेगळी नावं सांगितली.

श्रावणात अंबाजी परत आला. धर्माला पहिलं खटकलं ते हेच. निवडून आलेला माणूस परत कशाला येईल? दुसरं खटकलं ते त्याच्या हातातलं कागदाचं भेंडोळं आणि कानावरची पेन्सिल.

गावदेवीपुढे सगळे तांडेल, म्हणजे होड्यांचे प्रमुख, जमले. अंबाजी म्हणाला, "नाखवांनो, असेंब्लीत मी प्रश्न टाकलाय. सरकार म्हणतं, जाळी कुठं कुठं लागतात ते दाखवा, ती सोडून वाट काढू. आता पिंपं वर काढलेली हायेत, दर्यात दिसायला काय न्हाय. म्हणून तुमच्या खुणा पायजेत. नकाशावर फक्त ठिपका जाईल, खुणा माझ्या वहीच्या बाहेर जायच्या न्हायत. गावदेवीची शपथ."

मग म्हातारा भिकू तांडेल उठला, अंबाजीला हाताला धरून देवळामागे घेऊन गेला आणि जरा वेळाने परतला. त्याने ठेवायची खूण सांगितली होती हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं. इतकं कसनुसं झालं होतं ते. त्याच्यामागून एकेक करत आणखी नऊ घरांनी सांगितलं.

धर्मा तेवढा घरी निघून गेला होता. चारच दिवसांपूर्वी त्याने रेवसच्या धक्क्यावर आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं: आगबोट कंपनीचा एजंट आणि अंबाजी एका बाकावर बसून चहा पीत होते, मध्ये हाच कागद पसरलेला. अंबाजी काहीतरी म्हणाला आणि एजंट हसला. जो माणूस आगबोटवाल्याला हसवतो तो कोळ्याचं काय भलं करणार?

संध्याकाळी अंबाजी धर्माच्या ओटीवर आला. केसरने पाणी दिलं. धर्माचा मोठा मुलगा कान्हा जाळं विणत बसला होता, त्याचे हात थांबले.

"धर्मा नाखवा, तुमचीच जागा राहिली."

"लिव्ह," धर्मा म्हणाला, आणि पापणी न हलवता सांगून मोकळा झाला. कनकेश्वराच्या डोंगराची उजवी सोंड आणि बंदरावरच्या चिंचेचा शेंडा एका रेघेत, खांदेरीचा दिवा मोठ्या खडकावर.

अंबाजीने ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि पाया पडून गेला. कान्हा बापाकडे बघत राहिला. "बाबा, ही तर..."

"मना ठावं हाय कंची ती. तू जाळं ईन."

खरी खूण होती कनकेश्वराची खिंड आणि धर्माच्या परसातला ताड. त्या परसात दोन ताड होते. समुद्राकडचा उंच, तो खुणेचा. धर्माच्या आज्याने तो लावला असं घरात सांगत. खरी जागा आणि द्यायची जागा यांत अर्ध्या मैलाचं अंतर होतं.

आश्विनात धर्माने आपले खुंट शोधले, पिंपं बांधली आणि जाळं लावलं. मासळी चांगली लागली. असेंब्लीत काय चाललंय ते भिकूचा नातेवाईक वर्तमानपत्रातून वाचून सांगे. अंबाजीने अमुक विचारलं, मंत्र्याने तमुक उत्तर दिलं, कंपनीने हरकत घेतली. धर्मा ऐके आणि म्हणे, "पेपरात छापलंय म्हंजे कायतरी काळंबेरं हाय."

आणि पौषात त्याचं म्हणणं खरं ठरलं, निदान त्याला तसं वाटलं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे पाण्याला ओढ नसते आणि डोली किनाऱ्यावर वाळत असतात तेव्हा, सरकारी लाँच येऊन वाटेच्या दोन्ही कडांना लाल-पांढरी पिंपं टाकून गेली. लाँचवाले नकाशा बघत चालले होते, पाणी बघत नव्हते. उधाण आल्यावर धर्मा जाळं घेऊन गेला तर त्याची जागा बरोबर वाटेच्या मधोमध. तिसऱ्या दिवशी आगबोट आली, आपल्या हक्काच्या रस्त्याने गेली, आणि धर्माचं जाळं फाडून निघून गेली. अकरा घरांपैकी दहा घरं सुखरूप. एकट्या धर्माच्या डोक्यावरून वाट.

"इकली!" तो किनाऱ्यावर उभा राहून ओरडला. "एका चहावर माजी जागा इकली त्यानं!"

केसर म्हणाली, "आदी त्याला जाऊन इचार तरी."

पण विचारणं हा धर्माचा धर्मच नव्हता. त्या रविवारी अलिबागेत अंबाजीचा सत्कार होता. मांडवात वकील, व्यापारी, गावोगावचे तांडेल बसले होते. हार घालून झाला, आणि अंबाजी बोलायला उभा राहतो तोच धर्मा मधल्या वाटेने पुढे आला.

"ह्याच्या गळ्यातला हार काढा," तो म्हणाला. "ह्यानं आगबोटवाल्याचा चहा पिऊन माज्या खुंटांवरून वाट नेली. चार पिढ्यांची जागा घालवली माजी."

अंबाजीचा चेहरा पांढरा पडला, पण तो चिडला नाही. त्याने पिशवीतून नकाशा काढला आणि टेबलावर पसरला.

"नाखवा, इथं या. ही वाट बघा. सरळ येते आणि इथं वाकडी होते, दिसतंय? वाकडी का केली सांगू? कंपनीला सरळ पायजे होती. सरळ नेली तर बाकी दहा जागा वाचत होत्या, एक जात होती. एकच तर जाते म्हणाले. मी म्हटलं, एक न्हाय, अर्धीपण द्यायचा न्हाय. खुणा घ्यायच्या आधीच रेवसला त्या एजंटाला चहा पाजून सांगितलं होतं, कोळ्याची एकपण जागा जाऊ देणार न्हाय, तो हसला माझ्या तोंडावर. मग दोन महिने मुंबईत भांडलो. ही वाट वाकवलीय ती तुमच्यासाठी." आणि त्याने वहीतून वाचलं: "कनकेश्वराची उजवी सोंड, चिंचेचा शेंडा, दिवा मोठ्या खडकावर. धर्मा नाखवा."

धर्माने बघितलं. वाट सरळ येत होती, रिकाम्या पाण्यातल्या एका ठिपक्याला जपून वळसा घालत होती, आणि त्या वळशात नेमकी त्याच्या खऱ्या जागेवरून जात होती. ती सरळच गेली असती तर त्याचे खुंट वाचले असते.

त्याला आपण खोटी खूण दिली होती हे आठवत नव्हतं असं नाही. पण ते आपण काही केलं आहे, असं त्याला या क्षणापर्यंत वाटलंच नव्हतं. दारी आलेल्याला पाणी दिलं होतं. मागच्या रांगेत भिकूने डोळे मिटून घेतले. त्याला जावयाची गोष्ट माहीत होती.

तेवढ्यात कोपऱ्यातून कंपनीचा वकील उठला. मोठ्या गोड आवाजात त्याने विचारलं, "तांडेल, म्हणजे नकाशावर ठिपका आहे तिथे तुमची जागा नाही म्हणता?"

"बगून सांगतो," एवढंच कसंबसं बोलून धर्मा मांडवाबाहेर पडला.

वकिलाला तेवढं पुरलं. चौथ्या दिवशी माडवलीला सरकारी कागद आला. कोळ्यांचा नकाशा खोटा असल्याची तक्रार आहे; पुढच्या सोमवारी बंदरखात्याचा साहेब स्वतः येऊन बघेल; एक जरी जागा खोटी निघाली तरी सगळा नकाशा रद्द आणि आगबोटींना दर्या पहिल्यासारखा मोकळा. अंबाजीने असेंब्लीत उभं राहून कोळ्यांच्या शब्दाची हमी दिली होती. त्याचं तिथलं पहिलंच काम ते. वाट गेली असती तर तोही गेल्यातच जमा होता.

त्या दिवशी धर्मा आपल्या पायांनी गावदेवीपुढे जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांना बोलावलं. असं त्याने जन्मात केलं नव्हतं.

"मी त्याला द्यायची खूण दिली," तो म्हणाला.

मग जे व्हायचं ते झालं. एकाने त्याच्या बापाचा उद्धार केला, दुसरा अंगावर धावून गेला. आमची दहा घरं तुझ्या एका संशयापायी बुडणार, असं बायका तोंडावर म्हणाल्या. धर्माने सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. शेवटी भिकू म्हणाला, "आता काय करतंस ते बोल."

"जिथं सांगितली तिथं नेतो जागा. सोमवारच्या आत खुंट रोवतो. दोन होड्या आनि मानसं द्या."

"तिथं? अरं, तुज्या जावयानं तिथं दोन महिने चिखल खाल्लाय!"

"मना ठावं हाय."

आणि हे कायमचं, हे सगळ्यांना कळत होतं. नकाशावर ठिपका तिथे, तर जाळंही तिथेच, आज आणि कान्हाच्या पोरांच्या वेळीही. भिकू उठून आपल्या होडीकडे गेला, आणि त्याच्यामागून बाकीचे.

खुंटांना लाकूड मात्र नव्हतं. बंदरावर लाकूड यायला पंधरवडा लागला असता. धर्मा कुऱ्हाड घेऊन परसात गेला. आखूड ताड त्याने कान्हाला तोडायला दाखवला, आणि स्वतः उंच ताडाच्या बुंध्याशी उभा राहिला. केसर धावत आली.

"ह्यो? अवो, खूण हाय ती! ह्यो पाडला तर आपली जागा फिरून गावायची न्हाय!"

"म्हनूनच," धर्मा म्हणाला. "ह्यो उभा राहिला तर मी चोरून जाईन तिकडं. मी मना वळखतो." सगळ्या जगावर संशय घेऊन झाल्यावर उरला होता तो एकटाच, आणि त्याच्यावर त्याचा सगळ्यात कमी भरवसा होता. पहिला घाव घालताना त्याला रडू आलं, आणि केसर तिथे आहे याची त्याने पर्वा केली नाही.

पुन्हा भांग आला. शनिवारी दुपारी, पाणी थबकलं तेव्हा दोन होड्या एकमेकींना बांधल्या आणि वीस माणसांनी एका तालात जोर लावून दोन्ही सोट चिखलात उतरवले; घाईत ते पुरते खोल गेले नाहीत. वर पिंपं बांधली, फाटक्यातून सांधलेलं जाळं चढवलं. जुन्या जागेवरची पिंपं काढून आणली.

सोमवारी ओहोटीच्या वेळी लाँच आली. साहेब, एजंट आणि अंबाजी. लाँच नुसती उभी होती तरी अंबाजीला मळमळत होतं. मिठागरवाल्याचा मुलगा असून दर्या सोसत नाही, यावरूनही धर्माने पूर्वी संशय घेतला होता. साहेबाने नकाशा बघितला, डोंगर बघितला, पाण्याबाहेर वीतभर आलेली खुंटांची टोकं बघितली.

"जागा तर इथेच आहे," तो म्हणाला. "मग सभेत का ओरडलात?"

दहा घरांच्या होड्या भोवती उभ्या होत्या. धर्मा उठून उभा राहिला. "माजी चूक झाली, साहेब. नजर गेली माजी. मनाच माजी खूण वळखता आली न्हाय."

"तांडेलाला स्वतःची खूण ओळखता येत नाही?" एजंट मोठ्याने हसला.

"न्हाय येत," धर्मा म्हणाला.

ज्याच्या नजरेवर विसंबून माणसं दर्यात जातात त्याने हे चारचौघांत बोलायचं, म्हणजे पुन्हा कुणी त्याच्या होडीवर खलाशी म्हणून यायला नको. कान्हाने तोंड फिरवलं. साहेबाने कागदावर सही केली, एजंटाने विडी पेटवली, आणि नकाशा कायम झाला.

लाँच निघायच्या आधी अंबाजी धर्माच्या होडीत उतरला. "मी नाखवाबरोबर येतो," म्हणाला. लाँच लांब गेली तसा तो वाकला आणि खुंटाच्या टोकावरून हात फिरवला. ताज्या तोडलेल्या लाकडाचे काळे धागे त्याच्या बोटांना लागले. चार पिढ्यांच्या म्हणवणाऱ्या खुंटावर एक कालवसुद्धा चिकटलेलं नव्हतं. त्याने मान वर केली आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत धर्माला ओळखीचं काहीतरी दिसलं. तो संशय होता, चांगला मुरलेला.

"नाखवा, खरी जागा कुठं होती?"

कान्हाचं वल्हं थांबलं. धर्माने किनाऱ्याकडे तोंड केलं. जावयाला, साडूला, मरणाऱ्या मेव्हण्यालाही जे सांगितलं नव्हतं, ते त्याने या खाडीपलीकडच्या पोराला सांगितलं.

"कनकेश्वराची खिंड धर. तिच्याखाली माज्या परसातला ताड आन."

अंबाजीने पेन्सिल काढली नाही. डोळ्यांवर हात धरून तो किनारा न्याहाळू लागला. त्याला खिंड सापडली. तिच्याखाली धर्माच्या घराचं छप्पर सापडलं. मग त्याची नजर छपराच्या डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आणि पुन्हा छपरावर आली.

"ताड दिसत न्हाय, नाखवा."

"न्हाय दिसायचा," धर्मा म्हणाला. "त्याच्यावर आत्ता तू हात ठेवलंस."